झाड पाणी पितं म्हणजे नेमकं काय करतं? (वाचकांचे प्रश्न)

या महिन्यात आलेले निम्म्याच्या वर प्रश्न पाण्याचेच आहेत. एप्रिल संपत आला की बेळगावपासून अथणीपर्यंत सगळ्यांचं लक्ष एकतर टाकीकडं नाहीतर आभाळाकडं, त्यामुळं खत, कीड, रोग यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, या वेळी फक्त पाणी. आधी एकच गोष्ट सांगून ठेवतो कारण खालच्या जवळपास सगळ्या उत्तरांत ती येणार आहे. आपण पाणी मातीला देतो, झाडाला नाही. मातीत पाणी असणं वेगळं आणि ते झाडाला मिळणं वेगळं, आणि आपल्या भागात झाडं-पिकं जी खराब होतात त्यातली कितीतरी पाणी असूनही खराब होतात.

प्रश्न (निपाणीहून, नववीतला विद्यार्थी): आमच्या घरामागं नारळाचं झाड हाय, तीन मजली बिल्डिंगपेक्षा उंच. आम्हाला वरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर लागते, मग नारळाच्या शेंड्याला पाणी कोण चढवतं? सर म्हणाले केशाकर्षणाने चढतं, पण मला पटंना.

उत्तर: पटत नाही म्हणालास ते फार बरं केलंस बाळा, कारण याच प्रश्नावर भलेभले शास्त्रज्ञ दीडदोनशे वर्षं वाद घालत होते. केशाकर्षण खोटं नाही, पण ते पुरत नाही. केसाच्या जाडीच्या नळीत पाणी आपोआप चढतं ते जेमतेम अर्धा मीटर, आणि नारळाच्या खोडातल्या नळ्या केसापेक्षा रुंद असतात म्हणजे तिथं त्याहूनही कमी चढणार. वरून हवा काढून घेऊन ओढायचं म्हटलं तरी हवेचा दाब पाण्याला साधारण १० मीटरच्या वर ढकलू शकत नाही, खोल विहिरीत मोटर खाली उतरवून बसवावी लागते ती याच कारणाने. मुळं खालून थोडं ढकलतात हे खरं, पण तो दाब १-२ बारचा (बार म्हणजे दाबाचं माप, १ बार साधारण हवेच्या दाबाएवढा), आणि भर दुपारी जेव्हा झाडाला सगळ्यात जास्त पाणी लागतं नेमका तेव्हाच तो जवळपास नसतो. नारळ १५-२० मीटर सहज जातो आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियात रेडवुडची झाडं ११५ मीटरच्या वर गेलीत, तिथं यातलं काहीच चालत नाही.

मग कोण चढवतं? पानं. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स यांनी कुंडीतलं सूर्यफूल घेतलं, कुंडीचं तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केलं म्हणजे मातीतून पाणी उडायला नको, आणि दिवसच्या दिवस वजन करत राहिले. रोज अर्ध्या किलोच्या वर पाणी नुसतं पानांवाटे हवेत जात होतं. हे त्यांनी १७२७ साली छापलं. पुढं १८९१ साली जर्मनीत स्ट्रासबुर्गर यांनी २० मीटरच्या वरचं ओकचं झाड बुडात कापून विषारी द्रावणात उभं केलं, विष वर वर चढत गेलं, वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या तरी पाणी चढायचं थांबलं नाही. म्हणजे खोडातल्या जिवंत पेशी पाणी ढकलत नाहीत. आपले जगदीशचंद्र बोस यांनी १९२० च्या दशकात याच्या उलट मांडलं होतं, की खोडातल्या पेशी धडधडतात आणि पाणी पुढं सारतात. बोस यांनी झाडांची सूक्ष्म हालचाल मोजायला जी यंत्रं बनवली ती त्या काळात जगात कुणाकडं नव्हती आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, पण पाणी चढण्याबद्दलचं त्यांचं हे म्हणणं टिकलं नाही.

टिकलं ते डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली मांडलेलं. पानाच्या आतल्या पेशींच्या भिंती ओल्या असतात, त्यातलं पाणी वाफ होऊन पर्णरंध्रांतून म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर जातं, आणि गेलेल्या पाण्याची जागा घ्यायला मागचं पाणी पुढं ओढलं जातं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळं विहिरीतून दोर ओढावा तसं शेंड्यापासून मुळापर्यंतचं पाणी एकसंध वर येतं. ओढणारी शक्ती हवेच्या कोरडेपणाची. हवेत ५० टक्के दमटपणा असेल तर तिची पाण्यासाठीची ओढ ९०० बारच्या वर भरते, त्यापुढं २० मीटरचा नारळ म्हणजे काहीच नाही. झाडाला यात स्वतःची ताकद खर्च करावी लागत नाही, सगळी ऊर्जा उन्हाची.

एक धोका मात्र कायम असतो, ताण जास्त झाला की नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि तेवढी नळी बंद पडते. आंबा, फणस, साग दरवर्षी खोडात नवं लाकूड म्हणजे नव्या नळ्या तयार करतात. नारळाला ती सोय नाही. त्याचं खोड नंतर जाड होत नाही, एकदा तयार झालेल्या त्याच नळ्या पुढं कित्येक वर्षं चालवाव्या लागतात. म्हणून नारळाच्या खोडावर खिळे ठोकू नयेत, खाचा पाडू नयेत, झालेली जखम तो भरून काढत नाही.

घरी करून बघ. तेरड्याच्या दोन कोवळ्या फांद्या घे, देठ पाण्यात बुडवून पाण्यातच कापायचे म्हणजे नळीत हवा शिरत नाही. दोन्ही लाल शाईच्या पाण्यात ठेव, एक खिडकीत वाऱ्याला आणि दुसरी वरून प्लास्टिकची पिशवी घालून. तेरड्याचं खोड अर्धपारदर्शक असतं, आतून चढणारी लाल रेघ बाहेरून दिसते, आणि वाऱ्याची फांदी पिशवीतल्या फांदीच्या पुढं गेलेली दिसेल. मग ब्लेडने खोड आडवं काप, कडेकडेने लाल ठिपके दिसतील, त्या नळ्या. मधला भाग पांढराच. हे सरांना पण दाखव.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, टेरेसवर जास्वंद, मोगरा, कढीपत्त्याच्या कुंड्या हायत. उन्हाळा म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घालूलालोय, तरी जास्वंदीची पानं पिवळी पडूलालीत आणि झाड मान टाकूलालंय. पाणी कमी पडूलालंय काय?

उत्तर: ताई, पाणी कमी नाही, जास्त होतंय, आणि माझी विनंती आहे की आज संध्याकाळचं पाणी घालूच नका, आधी कुंडी बघा. बोट दोन पेरं मातीत घाला. माती गार आणि चिकट लागली तर पाणी नको. मग जास्वंदीची कुंडी आडवी करून मातीचा गड्डा हळूच बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरट असतं, टोकाला अगदी पांढरं, दोन बोटांत धरून ओढलं तर तुटताना कट् वाजतं. सडलेलं मूळ तपकिरी-काळं, बुळबुळीत, आणि ओढलं की वरची साल हातात निघून येते आणि आत नुसती दोऱ्यासारखी तार राहते. वासही येतो, गटारीच्या चिखलाचा. हे दिसलं तर झाड तहानेने नाही, गुदमरून मान टाकतंय असं समजा.

असं का होतं ते जरा सविस्तर सांगतो कारण हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. मूळ जिवंत आहे, त्याला श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळीतल्या हवेतून मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरून ठेवल्या की ऑक्सिजनचा प्रवास हवेतल्यापेक्षा साधारण १०,००० पट हळू होतो, म्हणजे बंदच म्हणा. आता पाणी मुळात शिरतं ते मुळांच्या टोकाजवळच्या केसाळ भागातून, आणि पेशीच्या पडद्यावर पाण्यासाठी खास दारं असतात, ॲक्वापोरिन म्हणतात त्यांना, पीटर ॲग्रे यांना ती शोधल्याबद्दल २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ऑक्सिजन संपला की पेशीतला आम्लपणा वाढतो आणि ही दारं मिटतात. भोवती पाणीच पाणी आणि आत येत नाही. वर पानांतून तर पाणी उडतंच आहे, म्हणून पानं लोंबतात, आपल्याला वाटतं तहान लागली, आपण आणखी पाणी घालतो, आणि झाड आणखी गुदमरतं. कुंडीतली बहुतेक झाडं मरतात ती अशी, प्रेमापोटी.

काय करायचं? सडलेली मुळं कात्रीने काढा, झाड नव्या भुसभुशीत मातीत लावा, जेवढी मुळं गेली त्या मानाने वरची फांदी पण छाटा, आठवडाभर सावलीत ठेवा. शेतातली काळी माती आणून कुंडीत भरण्याची आपल्याकडं सवय आहे, ती रानात सोनं आहे पण कुंडीत ती दबून बसते, त्यापेक्षा खानापूरकडची तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि थोडं कोकोपीट किंवा भाताची तुसं हे मिश्रण चांगलं. तळाला खडीचा थर घालतात त्याने निचरा वाढत नाही, बारीक मातीतलं पाणी पूर्ण भरल्याशिवाय खालच्या खडीत उतरतच नाही, त्यामुळं उलट ओला थर वर सरकतो. खडीपेक्षा तळाचं भोक मोठं ठेवा आणि खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. आणि पाणी घड्याळ बघून घालू नका, माती बघून घाला, पण घालताना तळातून बाहेर येईपर्यंत घाला. एप्रिलच्या उन्हात टेरेसवरच्या छोट्या कुंडीला रोज लागेल, मोठीला एक दिवसाआड, मोगऱ्याला वेगळं, कढीपत्त्याला त्याहून कमी, सगळ्यांना एक माप लावू नका.

आणखी एक, दुपारी दोनला झाडाने मान टाकली आणि संध्याकाळी सहाला ताठ झालं तर काळजी करू नका. दुपारी उडणारं पाणी मुळांच्या वेगापेक्षा जास्त असतं एवढंच, भोपळ्याची पानं तर रोज हे करतात. सकाळी सहाला मान खाली असेल तर मात्र बघायला पाहिजे.

प्रश्न (हिंडलगा): परसातल्या अळूच्या पानाच्या टोकातून सकाळी पाणी टपटप पडत असतं. दव म्हणावं तर बाकीच्या झाडांवर नसतं.

उत्तर: दव नाही ते, झाडाच्या आतलंच पाणी आहे. रात्री पर्णरंध्रं मिटलेली, हवा दमट, पानांतून पाणी उडत नाही, पण ओल्या जमिनीतून मुळं क्षार आत घेत राहतात आणि त्यांच्या मागून पाणी शिरतं, दाब तयार होतो आणि पानाच्या टोकाला पाणी बाहेर टाकायची जी खास छिद्रं असतात त्यातून थेंब गळतो. निपाणीच्या मुलाला मी मुळांचा दाब म्हणालो तो हाच, डोळ्याने बघायचा असेल तर अळूसारखं झाड नाही. भाताच्या तरव्यात (रोपांच्या वाफ्यात) पण पहाटे प्रत्येक पात्याच्या टोकाला एकेक थेंब असतो. थेंब दिसला की समजायचं जमिनीत ओल भरपूर आहे आणि मुळं तब्येतीत आहेत.

प्रश्न (येळ्ळूर): आम्ही बासमती लावतो. भाताला गुडघाभर पाणी आणि माझ्या मेव्हण्याचा अथणीकडं जोंधळा, त्याला पेरल्यापासून पाणीच नाही, नुसत्या ओलीवर येतो. एक पीक एवढं पाणी पितं आणि दुसरं पीत नाही, असं कसं?

उत्तर: काका, भात तेवढं पाणी पीत नाही. शेतात उभं असलेलं पाणी आणि भाताने प्यालेलं पाणी यात मोठा फरक आहे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा अंदाज असा की १ किलो भात पिकवायला पाऊस धरून सरासरी २,५०० लिटर पाणी शेतात जातं, पण त्यातलं बरंच खाली मुरतं, बांधातून झिरपतं, उघड्या पाण्यावरून उडून जातं. पाणी उभं करायचं मुख्य कारण तण दाबणं. भाताला ते सोसतं कारण त्याच्या मुळात हवेच्या पोकळ्या असतात, पानांतून हवा थेट मुळाच्या टोकापर्यंत उतरते. जाड मूळ ब्लेडने आडवं कापून बघा, आत पोकळ दिसेल. आणि चिखलातून उपटलेल्या मुळावर तांबूस गंजाचा लेप असतो ना, तो मुळातून बाहेर पडलेल्या ऑक्सिजनने जमिनीतलं लोह गंजल्याचा. तुमची तूर त्याच वाफ्यात दोन दिवस पाण्यात उभी राहिली तर गेलीच, तिच्याकडं ही सोय नाही.

तरीपण भाताची तहान जोंधळ्यापेक्षा जास्त आहे हे खरंच. झाड जेवढं पाणी घेतं त्यातलं जवळपास ९७-९९ टक्के पानांतून हवेत जातं, अंगात राहतं ते अगदी थोडं, आणि साखर तयार करायला प्रत्यक्ष वापरलं जातं ते १ टक्क्याच्याही आत. मग एवढं वाया का घालवतं? वाया नाही घालवत. पानाला हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायला पर्णरंध्र उघडावं लागतं, आणि दार उघडलं की आतली वाफ बाहेर जाणारच, वर त्यातूनच पान थंड राहतं आणि जमिनीतलं अन्न वर येतं. झाड हवा घेतं आणि तिची किंमत पाण्यात मोजतं. भात, गहू, सोयाबीन ही पिकं ही किंमत जास्त मोजतात. जोंधळा, मका, ऊस यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड पकडून आतल्या पेशींत कोंबायची वेगळी यंत्रणा असते, त्यामुळं रंध्रं थोडी मिटलेली ठेवून पण त्यांचं काम भागतं. ब्रिग्ज आणि शांट्झ या दोघांनी अमेरिकेत कोलोराडोतल्या ॲक्रन इथं १९१० च्या दशकात पिकं पिंपात वाढवून वजनाने मोजलं होतं, १ किलो वाळलेला माल तयार करायला भाताला ७०० किलोच्या आसपास पाणी लागलं आणि जोंधळ्याला ३०० च्या आसपास.

ऊस पण जोंधळ्याच्याच गटातला, मग तो पाणी खाऊन का टाकतो, असं विचाराल. किलोमागं कमीच पितो, पण वर्षभर रानात उभा आणि एकरी माल एवढा प्रचंड, त्यामुळं एकूण हिशोब १,५०० ते २,५०० मिलिमीटरवर जातो. अथणीला वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, आता तुम्हीच बघा. मेव्हण्यांच्या जोंधळ्याचं दुसरं गुपित काळ्या जमिनीत आहे. खोल काळी जमीन परतीचा पाऊस साठवून ठेवते, जोंधळ्याची मुळं दीड मीटरच्या खाली पण जातात, पानांवर मेणाचा पांढुरका थर, आणि ताण पडला की पान गुंडाळून घेतं.

तुम्ही भातात एक करून बघा. भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप वाफ्यात पुरा, आतली माती काढून टाका, म्हणजे जमिनीखालचं पाणी किती खोल गेलंय ते दिसतं. वरचं पाणी आटू द्या, पाइपात पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेलं की मग परत पाणी द्या. लावण केल्यावर पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्यात मात्र पाणी हटवू नका. उन्हाळी भात करणाऱ्यांना याचा जास्त फायदा, पाण्याच्या पाळ्या कमी होतात आणि उत्पादन घटत नाही. तण मात्र थोडं जास्त येईल, ते काढायची तयारी ठेवा.

प्रश्न (कडोली): दुपारी पाणी मारलं की पानावरचे थेंब भिंगागत ऊन गोळा करतात आणि पान भाजतं म्हणतात, खरं काय?

उत्तर: नाही. गुळगुळीत पानावर थेंब बसतो तिथून उन्हाचा बिंदू पानाच्या खाली पडतो आणि त्याआधी थेंब वाळतो. दुपारी पाणी मारू नये याचं कारण वेगळं, बरंच उडून जातं. क्षारयुक्त बोअरचं पाणी पानावर मारलं तर डाग पडतात ते क्षाराचे.

प्रश्न (अथणी तालुका, कृष्णाकाठ): तीन एकर ऊस हाय. नदीचं पाणी, मोटर स्वतःची, पाण्याला काय कमी नाही. तरी रानाच्या खालच्या अंगाला ऊस मांडीएवढा बी वर येईना, पानांची टोकं करपल्यात. जमीन वाळली की वर पांढरं फटक दिसतं. तिकडं जादा पाणी सोडावं म्हणतोय.

उत्तर: दादा, सोडू नका. तुमचा प्रश्न या सगळ्यांत मला जास्त लागला कारण कृष्णाकाठची, चिकोडी-रायबाग-अथणीची ही जमीन एके काळी सोन्यासारखी होती आणि अशी टापूच्या टापू पांढरी पडलेली बघवत नाही.

तुमच्या खालच्या रानात ऊस पाण्यात उभा असून तहानलेला आहे. मूळ पाणी घेऊ शकतं कारण मुळाच्या आतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, आणि पाणी पातळाकडून दाटाकडं जातं. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की ते मातीचं पाणीच दाट होतं आणि मुळाची ओढ कमी पडायला लागते. काळी जमीन पाणी धरते भरपूर, पण घट्ट धरते, ती वाळत गेली की तिची पकड वाढत जाते आणि साधारण १५ बारला पोचली की बहुतेक पिकं हात टेकतात. क्षार असले की हा हिशोब अलीकडंच संपतो, जमीन हाताला ओली लागते आणि पीक कोमेजतं. युरियाचा ढीग बुडाशी पडला की झाड जळतं ते पण असंच, आग नाही ती, मुळातून पाणी उलटं बाहेर ओढलं जातं. माती परीक्षणात विद्युत वाहकता (क्षार किती आहेत त्याचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) ४ च्या वर गेली की क्षारयुक्त म्हणतात, पण ऊस नाजूक आहे, त्याचं उत्पादन १.७ च्या पुढंच घटायला लागतं.

क्षार आले कुठून? थोडे पाण्याबरोबर, थोडे जमिनीतलेच. वर्षानुवर्षं सरीत पाणी तुंबवून दिलं, काळ्या जमिनीतून खाली वाट नाही, त्यामुळं जमिनीखालची पाण्याची पातळी वर वर आली, मीटर-दीड मीटरवर. तिथून पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागावर येतं, उन्हाने उडून जातं आणि क्षार वर राहतात, तेच तुमचं पांढरं फटक. म्हणून एप्रिल-मेमध्ये ते जास्त दिसतं. खालच्या अंगाला आधी येतं कारण वरच्या रानाचं पाणी झिरपून तिकडंच जातं. आता कळलं ना जादा पाणी सोडलं तर काय होईल? क्षार धुऊन जायला खाली वाट पाहिजे, वाट नसताना सोडलेलं पाणी पातळी आणखी वर आणतं.

आधी माती तपासा, वरच्या एक फुटाची वेगळी आणि खालच्या फुटाची वेगळी, पाणी पण तपासा. मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठात विचारा. नुसते क्षार असतील तर निचरा आणि धुणं एवढंच औषध. सोडियम चिकटून जमीन चोपण झाली असेल, म्हणजे ओली असताना लोण्यागत आणि वाळली की दगड, सामू (पीएच) ८.५ च्या वर, तर जिप्सम लागेल, पण जिप्सम टाकून निचरा केला नाही तर पैसे मातीत गेले. तपासणीशिवाय दुकानदार सांगेल म्हणून जिप्समच्या गोण्या उचलू नका.

निचऱ्यासाठी उघडे चर काढा नाहीतर जमिनीखाली भोकांचे पाइप टाकून घ्या. याला खर्च आहे आणि एकट्याने भागत नाही, तुमच्या चराचं पाणी पुढं ओढ्याला लागायला शेजाऱ्याच्या रानातून जावं लागतं, म्हणून चार-पाच बांधकऱ्यांनी बसून ठरवायला पाहिजे, भांडण असेल तर मिटवून ठरवा, कारण पाणी बांध बघून थांबत नाही आणि उद्या त्यांचं रान पण पांढरं होणार आहे. तोवर खालच्या पट्ट्यात ऊस धरू नका. पावसाच्या सुरुवातीला धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) करून गाडा, तो क्षार सोसतो आणि मुळं जमीन फोडतात. त्यानंतर गहू किंवा कापूस बघा, दोन्ही उसापेक्षा कितीतरी जास्त क्षार सोसतात. वरच्या चांगल्या रानात ड्रिप करा, म्हणजे खाली झिरपणारं पाणीच कमी होईल. एक पाळी देऊन दुसऱ्या दिवशी परत मोटर चालू करायची सवय मात्र आजपासून बंद, वीज रात्री आली म्हणून पाणी सोडायचं असं करू नका, खुरप्याने वीतभर खाली उकरून बघा, वाफसा असेल, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही, तर पिकाला पाणी आहे.

प्रश्न (जांबोटी, खानापूर तालुका): भर एप्रिलात सगळं वाळलेलं असतं, विहिरी तळाला जातात, तरी कुसुम, करंज, आंबा यांना कोवळी लाल-पोपटी पालवी कुठून येते? आणि शेजाऱ्याने आमच्या विहिरीजवळ निलगिरी लावायचं ठरवलंय, विहीर आटेल काय?

उत्तर: पहिल्याचं उत्तर पानगळीत आहे. जुनी पानं गळली की पाणी उडायचं जवळपास थांबतं, पण खोल मुळं ओल घेत राहतातच, त्यामुळं कोरड्या दिवसांत खोड उलट पाण्याने भरत जातं आणि त्या जोरावर पाऊस यायच्या आधी पालवी फुटते, म्हणजे मिरगाचा पाऊस पडला की पान कामाला तयार. तुमच्याकडच्या ऐनाच्या काही झाडांच्या खोडात तर उन्हाळ्यात एवढं पाणी साठतं की खाच पाडली की धार लागते, जंगलातल्या माणसांना हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे, पण उगाच खाचा पाडू नका, झाडाला रोग लागतो. जांभ्या दगडाच्या भेगांतून ही मुळं कित्येक मीटर खाली उतरतात, तिथली ओल आपल्या विहिरीच्या हिशोबात धरलेलीच नसते.

निलगिरीची भीती खरी आहे पण जागेवर अवलंबून आहे. ती कोरड्यात पान गाळत नाही, मुळं झपाट्याने खोल नेते, आणि कमी पावसाच्या भागात जेवढा पाऊस पडतो जवळपास तेवढं सगळं पाणी वापरून टाकते, खाली विहिरीला मुरायला काही उरत नाही. दक्षिण कर्नाटकात यावर प्रत्यक्ष मोजमापं झालीत आणि काही ठिकाणी तर झाडांनी पडलेल्या पावसापेक्षा जास्त पाणी घेतलेलं दिसलं, म्हणजे आधीची साठलेली ओल पण उपसली. २०१७ साली कर्नाटक सरकारने निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदीच घातली, तर शेजाऱ्यांना आधी हे सांगा. तुमच्याकडं पाऊस भरपूर, कणकुंबीच्या बाजूला तर तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो, त्यामुळं अथणीएवढा फटका बसणार नाही, पण तुमचा सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि विहीर तळाला जाते मार्च ते मे, नेमकी तेव्हा निलगिरी हिरवीगार राहून पाणी ओढत असते. विहिरीजवळ नकोच. त्यांना लाकूड पाहिजे असेल तर बांधाला साग किंवा किंजळ लावायला सांगा, दोन्ही कोरड्या दिवसांत पान गाळतात, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला चर मारून पावसाचं पाणी मुरवायचं दोघांनी मिळून या मे महिन्यातच करून घ्या, जूनमध्ये चिखलात ते काम होत नाही.